पुढच्या खुर्चीवरची सावली

मोदेना, ११ मे १९९६

लेआर्को,

वर 'प्रिय' लिहिलेलं नाही. ते विसरून राहिलेलं नाही.

आपल्या लिफ्टवेड्यांच्या मंडळाचं पत्रक काल आलं. मी नेहमीसारखं आधी शेवटचं पान उघडलं. 'ओळखा पाहू' मध्ये या वेळी डोंगरावरची एक जुनी एकखुर्ची लिफ्ट आहे, दोराला एकेक खुर्ची टांगलेली. खाली गवताचा उतार, मागे दोन खांब, आणि खुर्चीत कोण, तर तू. बर्फ नाही, स्की नाहीत, मांडीवर टोपी ठेवून आरामात बसलायस. खाली ओळ छापलीय: 'एकट्याने केलेल्या भटकंतीतून. लिफ्ट कोणती आणि कुठली?'

एकट्याने. मी ती ओळ मोठ्यानं वाचली. स्वयंपाकघरात ऐकायला कोणी नव्हतं, तरी वाचली.

मला दुधखुळी समजतोस का? फोटो समोरून काढलाय, तुझ्याच उंचीवरून. जमीन खाली कुठल्या कुठे राहिलीय. म्हणजे काढणारं माणूस तुझ्या पुढच्या खुर्चीत बसून, कंबर पिरगाळून मागे वळलेलं होतं. दुसरी कुठलीच तऱ्हा नाही, आणि हे मला कोणी शिकवायला नको. आपलं लग्न झाल्यापासून प्रत्येक एकखुर्चीवर पुढे मी आणि मागे तू, हे ठरलेलं होतं. माझ्या मानेचं दुखणं त्यातूनच आलंय, डॉक्टरला मी शिलाई मशीनचं कारण सांगितलं असलं तरी. तर आता त्या पुढच्या खुर्चीत कोण बसतं?

बोनफात्तींना फोन केला. म्हटलं, संपादक आहात, तुम्हाला ठाऊक असेल. ते म्हणतात, "अहो नीवेसबाई, फोटो जुना असणार. त्या हिरव्या पट्ट्यांच्या खुर्च्या पिएमोंतेतल्या लिफ्टच्या, ती कधीच भंगारात गेली. तुमचाच फोटो असेल, तुम्हीच काढलेला." फोटोतल्या तुझ्या दाढीबद्दल त्यांना काही बोलले नाही. दाढी तू हे घर सोडल्यावर वाढवलीस, हे मला तुझ्या बहिणीनं सांगितलंय. म्हणजे फोटो ताजा आहे आणि भंगारात गेलेली लिफ्ट चालू आहे. दोन्हीकडे पाणी मुरतंय.

दोन वर्षांपूर्वी तू म्हणालास, "मला थोडं एकटं राहायचंय, नीवेस." पाठपिशवी आणि कॉफीचं भांडं उचललंस आणि बहिणीकडे पिस्तोयाला गेलास. मी ते गिळलं. एकटं राहायचं असेल तर राहावं माणसानं, साठीला लोक याहून वेडी खुळं घेतात. पण पुढच्या खुर्चीत कोणी असेल तर त्याला एकटं म्हणत नाहीत.

माझं म्हणणं सरळ आहे. बाई असेल तर तसं सांग. मी रडून घेईन, चार बशा फोडीन आणि मोकळी होईन. नसेल तर परत ये. मला हे घर एकटीला खायला उठतं, हेही लिहून टाकते, म्हणजे नंतर लपवलं असं व्हायला नको.

आपल्या पोरीचं, मिर्ताचं, काही कळतं का? मला तिचं पत्र येत नाही. तुला येत असावं असा दाट संशय आहे. शेवटचं कळलं तेव्हा ती त्रिएस्तेला होती.

नीवेस


मोदेना, ३ जून

लेआर्को,

तुझं कार्ड मिळालं. दोन आठवडे वाट पाहायला लावून तीन शब्द: 'फोटो नीट बघ.' ताकाला तूर लागू द्यायची नाही, ही तुझी जुनीच खोड. बहिणीला फोन केला तर ती म्हणते, "लेआर्को बाहेर गेलाय." रविवारी सकाळी सातला? कुठे? "मला नाही बाई सांगून जात." तुझी बहीण खोटं बोलताना खोकते. ती खोकली.

म्हणून मी फोटो नीट बघितला. भिंग घेतलं, खिडकीपाशी खुर्ची ओढली, आणि तासाभरात सापडलं. तुझ्या पायांच्या थोडं पुढे, खाली गवतावर सावली आहे. खुर्चीची आणि खुर्चीतल्या माणसाची. दोन्ही कोपर बाहेर आलेत, म्हणजे कॅमेरा डोळ्याला लावलाय. खांदे अरुंद. मान लांब. केस इतके आखूड की कान वेगळा दिसतो.

सावली बाईची आहे, लेआर्को.

आपल्या जमातीत आखूड केसांची बाई एकच. मंडळाचा हिशेब बघणारी एर्सीलिया. तिचं तुझ्याशी गोड बोलणं मी कितीदा पाहिलंय. तू दोराच्या एखाद्या गंजलेल्या पकडीबद्दल बोलायला लागलास की ती अशी तोंड उघडं टाकून ऐकते, जसा काही तू पोप. मी गुरुवारी गाडी पकडून बोलोन्याला तिच्या दारात उभी राहिले.

दार उघडलं तिनंच, कुबड्यांवर. पाय घोट्यापासून गुडघ्यापर्यंत प्लास्टरमध्ये. ईस्टरच्या आधी जिन्यावरून पडली म्हणाली. मी तरी प्लास्टरला बोट लावून पाहिलं.

"खरंच आहे गं ते," ती म्हणाली. "काय झालंय?"

"काही नाही. जवळून चालले होते."

"मोदेनाहून? जवळून?" मग माझ्या हातातलं पत्रक तिनं पाहिलं आणि तिच्या लक्षात आलं. हसून हसून भिंतीला टेकली. "नीवेस, अगं या वयात? त्याला कोण घेणार? तो जेवतानासुद्धा दोराच्या कप्प्यांबद्दल बोलतो."

मला हसू आलं नाही. तू जेवताना कप्प्यांबद्दल बोलायचास तेव्हा उत्तर देणारी मी होते. पण तिनं कॉफी केली, तीही कुबड्यांवर लंगडत, तेव्हा बसावं लागलं. निघताना म्हणाली, "तुझी मुलगी कशी आहे? मला आवडायची ती. तुम्ही दोघं खांबांचे फोटो काढायचात आणि ती गाडीत बसून भाकऱ्या संपवायची."

"छान आहे," मी म्हटलं. काय सांगणार?

तर एर्सीलिया नाही. मग दुसरी कोणी आहे, मंडळाबाहेरची. ते तर आणखी वाईट. मंडळाबाहेरच्या बाईला तू आपली लिफ्ट दाखवलीस.

नीवेस


मोदेना, २० जून

लेआर्को,

मी लिफ्ट ओळखली.

बोनफात्ती आणि बाकी सगळे पिएमोंतेच्या नादी लागलेत, कारण ते खुर्च्या बघतात. खुर्च्या पिएमोंतेच्याच आहेत, वादच नाही. पण खांब बघ. रिव्हेट मारलेले, वर निमुळते, टोकाला आडवा हात जरा वाकडा. हे खांब पिएमोंतेत कधी नव्हते. कोणीतरी एका मेलेल्या लिफ्टच्या खुर्च्या आणून दुसरीच्या खांबांना टांगल्यात. आपल्या मंडळातल्या शहाण्यांच्या डोक्यात हे येत नाही, कारण त्यांना वाटतं लिफ्ट ही एकाच कारखान्यातून एकाच दिवशी जन्माला येते. गावातले लोक आपल्यासारखे सोवळे नसतात. जे स्वस्त मिळेल ते जोडतात आणि चालवतात.

मग त्या बाईची सावली कामाला आली. फोटोत खाली चेस्टनट फुललेत, म्हणजे गेल्या वर्षीचा जूनचा शेवट. (तेव्हा एर्सीलियाचा पाय धड होता, पण तिचं ते हसणं खोटं नव्हतं.) सावली आखूड आणि तुझ्या उजव्या अंगाला पडलीय, म्हणजे दुपार व्हायला थोडा वेळ आहे. त्यावरून उताराचं तोंड ईशान्येला. वर बीच झाडांचं रान, कोपऱ्यात एक छप्पर, आणि छपराला वालुकाश्माच्या लाद्या. हे सगळं एकत्र आल्प्समध्ये नाही, आपल्याच आपेनीनोच्या डोंगरांत, पिस्तोयाकडच्या अंगाला. जुने नकाशे पसरून बसले. रात्री जेवायचं राहिलं, सकाळी सापडलं. सेर्राफोस्का. नकाशात गावाच्या वर एक बारीक काळी रेघ आहे आणि तिला नाव नाही.

तुझ्या बहिणीच्या घरापासून बसनं तासाभराची वाट. साळसूदपणे एकटं राहायला गेलास म्हणे.

आणि हे ऐक. मी उत्तर पत्रकाला पाठवलेलं नाही. जन्मात पहिल्यांदा मी एखादी लिफ्ट ओळखली आणि तोंड बंद ठेवलं. बोनफात्तींचा परवा फोन आला, "काय मग, लागला का पत्ता?" मी म्हटलं, "नाही बाई, अवघड आहे." छापून आलं असतं तर तुम्ही दोघं सावध झाला असतात.

कोण आहे ती? तिथली? गाववाली? आखूड केस का ठेवते?

केसांवरून आठवलं आणि जीव जळला. चार वर्षांपूर्वीचं ते रविवारचं जेवण तुला आठवत असेल. मिर्ता त्रिएस्तेहून आली होती. आपण तिला स्लाइड दाखवत होतो, त्या बुडीत निघालेल्या लिफ्टच्या, जिच्या चाकाचा शोध आपण नुकताच लावला होता. ती मधेच उठली, पडदा गुंडाळला आणि म्हणाली, "तुम्हाला अर्ध्या बोल्टवरून लिफ्ट ओळखता येते. मी वेण्या कापून आलेय, सकाळपासून समोर बसलेय, दोघांपैकी एकानं पाहिलं का?" आणि गेली. केसांसाठी कोणी आईबापाशी संबंध तोडतं का? मी अजूनही म्हणते, अंधार केलेला होता, मी पडद्याकडे बघत होते, त्यात काय एवढं? माझ्या डोळ्यांपुढे ती येते ती वेण्यांतच येते. मी काय करू?

तू तेव्हा तिच्या मागे जिन्यापर्यंत धावलास. मी प्रोजेक्टर बंद केला, दिवा जळून गेला असता.

असो. हे सगळं तुला माहीत आहे. मी पुढच्या शनिवारी नाही, त्याच्या पुढच्या शनिवारी सेर्राफोस्काला जातेय. तू पळून जायचं ठरवलंस तर पुष्कळ वेळ दिलाय.

नीवेस


सेर्राफोस्का, ६ जुलै, शनिवार

लेआर्को,

इथे आले. चौकात खानावळ आहे, वर खोली मिळाली. जेवणात चेस्टनटच्या पिठाचे घावन आणि ताजं रिकोत्ता चीज दिलं. तुला आवडतात, म्हणजे इथे तू येतोस याला तो एक पुरावाच झाला.

लिफ्ट आहे. खरीच आहे. चर्चच्या मागे खालचं ठाणं, पत्र्याची टपरी, मोठं चाक, आणि तिथून हिरव्या पट्ट्यांच्या खुर्च्या सरळ वर गेलेल्या. पाहून क्षणभर मी तुला, तुझ्या बाईला, सगळ्यांना विसरले. मग आठवलं आणि पुन्हा राग आला.

पण गाव विचित्र आहे. मी दुर्बीण काढली आणि खांबांची टोकं बघायला लागले, तर बाकावरच्या म्हाताऱ्या उठून घरात गेल्या. बेकरीवालीला विचारलं, "लिफ्ट किती वाजता सुरू होते?" ती म्हणाली, "कुठली लिफ्ट?" डोक्यावर दोर लोंबतोय, आणि कुठली लिफ्ट. खानावळवाला माझ्या ओळखपत्राकडे दोनदा बघून गेला. मला वाटलं, तू सगळ्यांना फितवून ठेवलंयस. एका बायकोपासून दुसरी बाई लपवायला अख्खं गाव कामाला लावलंस.

लिफ्ट चालवणारा साबातीनो नावाचा एक थोराड माणूस आहे. तो टपरीला कुलूप लावत होता.

"आवं बाई, बंद हाय ती," मी काही विचारायच्या आत तो म्हणाला. "लई वर्सं झाली बंद हाय."

"चाकाला ग्रीस ताजं आहे," मी म्हटलं.

त्याचा चेहरा असा पडला की विचारू नकोस. "ग्रीस... ते आपलं गंज चढू नये म्हून."

"आणि खुर्चीवर गादी कशाला? गंजते का गादी?"

"हे बगा बाईसाहेब, तुमी आमच्या पोटावर पाय देऊ नगा. वर एक छोटी खानावळ हाय, पोरगं आन् सून चालवत्यात. आमची म्हातारी मानसं रविवारी वर देवळात जात्यात. पायानं कशी जातील? तुमाला काय तपासायचं त्ये तपासा, पन कागदावर लिवू नगा."

तेव्हा उजेड पडला. जुन्या लिफ्टची सरकारनं ठरवलेली वर्षं भरली की ती बंद करायला माणूस येतो. दुर्बीण घेऊन खांब मोजणारी, पकडी न्याहाळणारी, ग्रीसवर बोट फिरवणारी परकी बाई म्हणजे तो माणूस मीच, असं या लोकांना वाटलंय.

"मी इन्स्पेक्टर नाही," मी म्हटलं.

"असं समदेच म्हंत्यात."

"मी नवरा शोधायला आलेय."

त्यानं कुलूप अर्धवटच सोडलं. मग म्हणाला, "हे मातुर कुनी म्हटलं नव्हतं आजवर." पण विश्वास बसला नाही. तुझा फोटो दाखवला तर एका डोळ्यानं पाहिला आणि म्हणाला, "न्हाय बा. ह्या मानसाला बगितलाच न्हाय." असं म्हणताना त्यानं टोपी काढून पुन्हा घातली. तुला तो चांगला ओळखतो.

उद्या रविवार. म्हातारी माणसं देवळात जायची असतील तर लिफ्ट सुरू करावीच लागेल. मी रांगेत जाऊन उभी राहणार. वर कोण आहे ते बघणार. काय बोलायचं ते पाठ केलंय. 'बाई, तुमच्या मागच्या खुर्चीत जो बसतो तो माझा नवरा आहे.' एवढंच, आवाज न चढवता. पुढचं तिच्या तोंडाकडे बघून ठरवीन.

खरं सांगू? ती चांगली बाई निघाली तर मी काय करू?

नीवेस


सेर्राफोस्का, वरचं ठाणं, ७ जुलै, रविवार

लेआर्को,

लबाड माणसा.

मी वर बाकावर बसून लिहितेय. लिफ्ट दोनपर्यंत बंद आहे, साबातीनो जेवायला गेलाय, आणि पायवाटेनं उतरणं माझ्यानं होणार नाही. आता सगळं क्रमानं सांगते, कारण मला अजून ते नीट लागत नाहीये.

सकाळी म्हाताऱ्यांच्या मागे रांगेत उभी राहिले. साबातीनोनं मला पाहून देवाचं नाव घेतलं, पण इतक्या लोकांत नाही कसं म्हणणार? "बसा बाईसाहेब, पट्टा लावा, सगळं नियमानं हाय." बसले. कॅमेरा मुद्दाम खोलीवर ठेवला होता, भांडताना हातात काही नसावं.

उतरणीच्या खुर्च्या रिकाम्या येत होत्या. अर्ध्या वाटेवर एक भरलेली दिसली. मांडीवर टोपली, आखूड केस, लांब मान. म्हटलं, ही आली. पाठ केलेलं वाक्य तोंडात घोळवलं. जवळ येत गेली, आणि मी काय केलं सांगू? आधी तिच्या खुर्चीची पकड पाहिली. सवयीनं. मग गवतावर तिची सावली पाहिली, तीच फोटोतली. मग चेहरा.

मिर्ता होती.

मी काही बोलायच्या आत ती खाली तोंड करून ओरडली, "साबातीनो! थांबव!" इथे कुणाची टोपी पडली तरी थांबवतात म्हणे. दोर कचकन थांबला, आम्ही दोघी हेलकावे खात राहिलो. ती माझ्यापेक्षा थोडी खाली सरकली होती, मला मान वळवावी लागली. मधे एका खांबाच्या हाताएवढी हवा.

"एकटीच आलीस?" ती म्हणाली.

"हो."

"बाबानं सांगितलं?"

"तो काही सांगतो का कधी? 'फोटो नीट बघ' एवढंच."

"मी त्याच्याकडून शब्द घेतला होता. मी इथे आहे, लग्न केलंय, हे तुला सांगायचं नाही म्हणून." ती टोपलीच्या कडेशी खेळत होती. लहानपणीही अशीच खेळायची, हे मला आठवलं, म्हणजे काहीतरी आठवतं. "फोटो मीच काढला, मागच्या वर्षी. आता तो म्हणाला, पत्रकाला पाठवतो, सांगायचं नाही पण कोडं घालायला काय हरकत आहे. आमची पैज लागली. तो म्हणाला, ती सावली ओळखेल. मी म्हटलं, ती लिफ्ट ओळखेल." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "ओळखलीस?"

लेआर्को, मला हो म्हणता आलं असतं. कोणी तपासायला येणार नव्हतं. तू पैज जिंकला असतास, तिनं माझ्या गळ्यात हात टाकले असते, निदान हवेतून. पण ती इतकी सरळ बघत होती की माझी जीभच वळली नाही.

"नाही," मी म्हटलं. "सावलीवरून मी उताराची दिशा काढली."

तिनं मान हलवली. रागावली नाही, तेच वाईट वाटलं. "वाटलंच. मग बघ पोटभर. जुनी आहे, तुला आवडेल."

"मी लिफ्ट बघायला आलेली नाही."

"मग?"

"तुझ्या बापाची बाई शोधायला आलेय. भांडायला."

तिनं मान खाली घातली. वाटलं, आता हीही गेली. मग तिच्या खुर्चीचा दांडा हलायला लागला. ती हसत होती, लेआर्को. टोपली पोटाशी धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. "बाबाची बाई! अगं त्याला कोण घेणार?" एर्सीलियाचंच वाक्य. तुझी पत काय आहे ते बघ. मग हसता हसता थांबली आणि म्हणाली, "म्हणजे आई, तू लिफ्टवर माणसासाठी आलीस? पहिल्यांदाच?"

मी विचार केला. खरंच पहिल्यांदाच.

"केस छान दिसतात," मी म्हटलं.

"चार वर्षं झाली."

"हो. मला वेळ लागला."

खालून साबातीनोचा आवाज आला, सगळ्या दरीला ऐकू जाईल असा. "सूनबाई, जास्त थांबवू नगं! ती सरकारची बाई हाय!"

"सरकारची नाही, माझी आई आहे!" मिर्ता ओरडली.

मग, "मंग मी जेवायला जाऊ का?"

"आधी आम्हाला पोचव!"

दोर सुरू व्हायच्या आधी ती घाईनं म्हणाली, "मी खाली जाऊन पाव आणि अंडी घेते. दोनला पहिल्या खुर्चीनं वर येते. जाऊ नकोस."

"जाऊ कुठे? लिफ्ट बंद आहे."

तर मी वर आले. एक उंच, लाजरा तरुण खानावळीतून बाहेर आला, माझ्यापुढे मक्याच्या गरम पोलेन्ताची बशी आणि वाइनचा पेला ठेवला, "खा, सिन्योरा," एवढं म्हणाला आणि आत पळाला. तो माझा जावई असावा. लग्नाला मला बोलावलं नाही, तू गेला असणारच. ते मला लागलंय आणि लागत राहणार, ते तू तोंडावर ऐकशील. दोन वर्षं मी त्या घरात भिंतींशी बोलले, आणि तू इथे रविवारी येऊन घावन खात होतास. माझ्यासमोर राहून तो शब्द तुला पाळता आला नसता; तू तिला गमवायला नको म्हणून मला सोडून गेलास, हे मला आता कळतंय. कळलं म्हणून राग गेलेला नाही. पण तू शब्द पाळलास आणि तरी मला आणलंस, आणि पैज माझ्या बाजूनं लावलीस. माझ्याबद्दल एवढी आशा मलासुद्धा नव्हती. हरलास त्याचं मला वाईट वाटतंय.

भीती वाटते, लेआर्को. लिफ्टवर हसणं सोपं असतं, कोणाला जवळ यावं लागत नाही. ती इथे उतरली की मधली हवा नसेल. मला तिच्याशी काय बोलायचं ते माहीत नाही. ती कॉफीत साखर घालते का, तेही माहीत नाही.

दोर हलला. डोक्यावरचं मोठं चाक फिरायला लागलंय. वाकून पाहिलं, पहिल्या खुर्चीत ती आहे, अजून अंगठ्याएवढी. यायला बराच वेळ आहे, आणखी पानभर सहज लिहून होईल. पण मी लिहीत बसले तर ती उतरेल तेव्हाही माझी मान खालीच असेल. पेन ठेवते.